विसाव्या अक्षवृत्तावरचे शहर: गोदावरी पाणलोट प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी

विषय ठरला: ब्रह्मगिरीपासून नाशिकच्या तपोवनापर्यंतचे गोदावरीचे पाणलोट क्षेत्र, त्यातला जमीनवापर आणि काठावरची वस्ती. पदव्युत्तर भूगोल, दुसरे सत्र, बारा आठवडे. साधने क्यूजीआयएस (नकाशांचे सॉफ्टवेअर) आणि पोस्टजीआयएस (नकाशांची माहिती ठेवणारा डेटाबेस). दोन्ही मोफत आहेत आणि ८ जीबी रॅमच्या संगणकावर एवढ्या क्षेत्राचे काम सहज होते.

फोल्डर तीनच: मूळ, काम, निकाल. मूळ फोल्डर पहिल्याच दिवशी फक्त वाचता येईल असा केला. उतरवलेली फाईल त्यात जशीच्या तशी राहील, तिचे नावही बदलायचे नाही. प्रत्येक फाईलशेजारी एक साधी मजकुराची फाईल आणि तिच्यात पाच ओळी: कुठून घेतली, कधी घेतली, निर्देशांक पद्धत कोणती, एकक कोणते, तिच्यावर काय केले. दुसऱ्या आठवड्यात या पाच ओळी कंटाळवाण्या वाटतात. दहाव्या आठवड्यात मात्र दोन नकाशे एकमेकांवर बसत नाहीत, आणि तेव्हा उत्तर याच ओळींत सापडते.

११ जानेवारी

उंचीची माहिती म्हणजे डीईएम. कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचा ३० मीटरचा संच घेतला, म्हणजे साधारण ३० मीटरच्या प्रत्येक चौकोनी पेशीला उंचीचा एक आकडा. तो एकेका अंशाच्या चौकटींत मिळतो आणि चौकटीच्या नावात तिच्या नैऋत्य कोपऱ्याचे आकडे असतात. एन२० ई०७३ या चौकटीत २० ते २१ उत्तर आणि ७३ ते ७४ पूर्व एवढा भाग येतो.

इथे नाशिकची खास अडचण आहे. विसावे अक्षवृत्त शहराच्या मधूनच जाते. रामकुंड साधारण २०.०१ वर, म्हणजे वरच्या चौकटीत. नाशिक रोड १९.९५ च्या आसपास, म्हणजे खालच्या चौकटीत. नदीचेही तसेच: त्र्यंबक १९.९३ वर, गंगापूर धरण २०.०४ वर, आणि तिथून नदी पुन्हा दक्षिणेकडे वळून शहरात शिरते. एकच चौकट घेतली तर उगम तरी सुटतो नाही तर धरण तरी. सर्वेक्षण खात्याच्या जुन्या १:५०,००० नकाशांतही शहर असेच दोन पत्रकांवर विभागले आहे, ४६ एच/१६ आणि ४७ ई/१३. इतर गावांच्या अभ्यासात ज्या चुका खपून जातात, त्या इथे शहराच्या मधोमध उघड्या पडतात. शिकण्यासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

१५ जानेवारी

पूर्ण दिवस निर्देशांक पद्धतीवर, म्हणजे जागा आकड्यांत मांडण्याच्या रीतीवर, गेला. सगळे तिला सीआरएसच म्हणतात.

मिळालेली माहिती अक्षांश-रेखांशांत आहे, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४, ईपीएसजी ४३२६ (ईपीएसजी म्हणजे प्रत्येक पद्धतीचा ठरलेला क्रमांक). लांबी आणि क्षेत्रफळ मोजायला मीटरमधली पद्धत लागते. यूटीएम पद्धत पृथ्वीचे उभे पट्टे करून मीटरमध्ये मोजते; नाशिक तिच्या ४३ उत्तर पट्ट्यात येते, ईपीएसजी ३२६४३. रूपांतर बरोबर झाले की नाही याची खूण अशी: शहराच्या मध्याचे ईस्टिंग (पूर्वेकडचे मीटर) ३,७३,००० च्या जवळ आणि नॉर्थिंग (उत्तरेकडचे मीटर) २२,१२,००० च्या जवळ यायला हवे. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

सर्वांत जास्त होणारी चूक: ‘लेयरचा सीआरएस ठरवा’ आणि ‘लेयर नव्या सीआरएसमध्ये निर्यात करा’ या दोन कामांत गल्लत (लेयर म्हणजे नकाशातल्या माहितीचा एक थर). डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून तुरीची डाळ मुगाची होत नाही. पहिले काम फक्त चिठ्ठी बदलते, दुसरे आकडे खरोखर बदलते. ७३.७९ आणि २०.०० या आकड्यांवर यूटीएमची चिठ्ठी लावली, की पट्ट्याच्या आरंभबिंदूपासून ७४ मीटर पूर्वेला आणि विषुववृत्तापासून २० मीटर उत्तरेला एक बिंदू उमटतो. लेयर ‘दिसत नाही’ अशी तक्रार आली की आधी हेच तपासायचे. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली तर नाशिक आर्क्टिकमधल्या बेअर बेटाच्या दक्षिणेला समुद्रात जाते. ती चूक निदान लगेच कळते.

न कळणारी चूक वेब मर्केटरची, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या पद्धतीची, ईपीएसजी ३८५७. मागे उपग्रहाचे चित्र लावले की प्रकल्प आपोआप या पद्धतीत जाऊ शकतो. नाशिकच्या अक्षांशावर तिच्यात लांबी ६.४ टक्के आणि क्षेत्रफळ १३ टक्के जास्त भरते. एक एकराचे, म्हणजे ४० गुंठ्यांचे शेत ४५.३ गुंठे दिसते. सॉफ्टवेअर काहीच तक्रार करत नाही आणि नकाशाही सुरेख दिसतो. यूटीएममध्येही चूक असते, पण इथे ती किलोमीटरमागे २० सेंटिमीटरच्या आसपास, हेक्टरमागे ४ चौरस मीटर. या कामाला ती चालते.

१८ जानेवारी

जुन्या अहवालांतले बिंदू अंश-मिनिट-सेकंदांत आहेत. २०°००′३०″ म्हणजे २०.००८३. तेच २०.००३० असे टाइप झाले तर बिंदू जवळपास ५९० मीटर दक्षिणेला सरकतो. मिनिटांचा आकडा मोठा असता तर बिंदू कुठल्या कुठे गेला असता आणि चूक दिसली असती. नाशिकला मिनिटे शून्याजवळ, त्यामुळे चुकलेला बिंदूही शहरातच पडतो आणि बरोबर वाटतो. सगळ्या नोंदी सूत्राने पुन्हा बदलून घेतल्या.

२३ जानेवारी

२०११ च्या जनगणनेची तक्ते-माहिती तालुक्यांच्या हद्दींना जोडायची होती. जिल्ह्यात १५ तालुके. नावांवरून जोडले तर सगळे जुळत नाहीत. एका तक्त्यात पेठ, दुसऱ्यात ‘पेइंट’. एकात बागलाण, दुसऱ्यात सटाणा. मराठी नावांत आणखी एक अदृश्य भानगड असते: ‘त्र्यंबकेश्वर’ डोळ्यांना दोन्हीकडे सारखे दिसते, पण एकात जोडाक्षरात न दिसणारा जोडक (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह) घुसलेला असतो. संगणकासाठी ती दोन वेगळी नावे. त्यामुळे नावांवरून जोडणी करूच नये. जनगणनेचा संकेतांक वापरावा (जिल्ह्याचा ५१६).

संकेतांक ‘मजकूर’ म्हणूनच आणायचा. आपल्या राज्यातल्या तालुक्यांचा पाच अंकी संकेतांक शून्याने सुरू होतो. फाईल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली आणि जतन केली की ते शून्य गेलेच. जोडणी झाल्यावर न जुळलेल्या ओळी मोजायच्या. शून्य आल्याशिवाय पुढे जायचे नाही.

शेपफाईल हा नकाशा-फाईलचा जुना प्रकार टाळला. शेपफाईलमध्ये रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट घेते. ‘गाव’ बसते, ‘तालुका’ तुटते. जिओपॅकेज या एकाच फाईलच्या प्रकाराला ही अडचण नाही, आणि चार-पाच जोडफायलींतली एखादी मागे राहिली असेही होत नाही.

३० जानेवारी

जुन्या पत्रकांना निर्देशांक देणे. स्कॅन ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. १:५०,००० वर एक पिक्सेल ४.२ मीटरचा होतो. पत्रकावर दर ५ मिनिटांनी अक्ष-रेखावृत्तांचे छेद असतात, १५ मिनिटांच्या चौकटीत १६. हे सोळाही घेतले. पहिल्या घाताच्या रूपांतराला तीन बिंदू पुरतात, पण तीनच घेतले तर उरलेली चूक शून्य दिसते, कारण ताडून पाहायला काहीच उरत नाही. थिन प्लेट स्प्लाइन या ताणून बसवणाऱ्या रूपांतराचेही तेच: बिंदूंवर ते नेहमी अचूक बसते, म्हणून तिथले शून्य हा पुरावा नव्हे. नकाशावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे २५ मीटर, म्हणजे सहा पिक्सेल. चूक त्याच्या आत हवी.

या छेदांचे आकडे डब्ल्यूजीएसमधले नाहीत. जुनी पत्रके एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, आहेत. बिंदू त्यावरच्या कालियाणपूर १९७५ या पद्धतीमध्ये, ईपीएसजी ४१४६, द्यायचे आणि मग रूपांतर करायचे. तसे न करता थेट ४३२६ लिहिले तर पूर्ण पत्रक शंभरेक मीटर सरकते. पंचवटीच्या गल्लीबोळांत शंभर मीटर म्हणजे दुसरीच आळी. पडताळणीला होळकर पुलाची दोन टोके, काळाराम मंदिर आणि सुंदरनारायण मंदिर घेतले. नदीचा काठ खूण म्हणून घेऊ नये, घाट बांधताना तो बदललेला असतो.

६ फेब्रुवारी

डीईएमच्या दोन चौकटींची जोडणी पहिल्यांदा चुकीच्या क्रमाने झाली. काय झाले ते सविस्तर लिहीत आहोत, कारण पुढच्या तुकडीलाही हे होणारच.

आधी दोन्ही चौकटी वेगवेगळ्या यूटीएममध्ये नेल्या आणि मग जोडल्या. ४३ उत्तर पट्ट्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंशांचे आहे आणि नाशिक त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे इथे यूटीएमची उत्तर आणि खरी उत्तर यांत ०.४ अंशाचा फरक पडतो. चौकटीची सरळ कड रूपांतरानंतर तिरकी होते, १० किलोमीटरमागे ७० मीटरच्या आसपास. शिवाय दोन जाळ्यांचे आरंभ वेगळे, म्हणून पेशी एकमेकांशी जुळत नाहीत. शिवणीवर रिकाम्या पेशींची रांग राहते. ‘माहिती नाही’ याचा आकडा जाहीर केलेला नसेल तर त्या पेशी शून्य उंचीच्या धरल्या जातात. शहराची जमीन साडेपाचशे मीटरच्या वर, आणि तिच्यातून विसाव्या अक्षवृत्तावर समुद्रसपाटीइतका खोल चर! प्रवाह काढल्यावर दोन्ही बाजूंचे सगळे ओहोळ त्या चरात उतरले आणि गोदावरी नकाशावरून नाहीशी झाली.

योग्य क्रम असा. दोन्ही चौकटी मूळ पद्धतीतच आभासी रास्टर करून जोडायच्या (रास्टर म्हणजे पेशींचे जाळे; आभासी म्हणजे मूळ फायली न बदलता एकच म्हणून वाचलेले). जोड तपासायचा: अक्षवृत्ताच्या आडवा उंचीचा छेद काढून त्यात पायरी दिसते का ते पाहायचे. मग अभ्यासक्षेत्राभोवती ५ किलोमीटर जास्त ठेवून कापायचे. मग एकदाच, फक्त एकदाच, रूपांतर, ३० मीटरच्या पेशीत आणि बायलिनिअर (आसपासच्या चार पेशींची भारित सरासरी घेणाऱ्या) पद्धतीने. मूळ पेशी इथे उत्तर-दक्षिण ३०.७ आणि पूर्व-पश्चिम २९.१ मीटर असते. ‘सर्वांत जवळची पेशी’ ही पद्धत जमीनवापराच्या वर्गांसाठी ठीक, पण उंचीला लावली तर ऊन-सावलीच्या उठावनकाशात शिडीसारखे पट्टे येतात. रूपांतर दोन-तीनदा केले तर कडेपठारांचे कंगोरे बोथट होतात. ब्रह्मगिरीच्या उभ्या कड्यांवर हे लगेच दिसते.

उतारही मीटरच्या पद्धतीतच काढायचा. अंशांत ठेवलेल्या डीईएमवर काढला तर जवळपास सगळा जिल्हा ८९ अंशांच्या कड्यासारखा येतो, कारण उंची मीटरमध्ये आणि आडवे अंतर अंशांत.

१० फेब्रुवारी

पाणलोट. खड्डे भरणे, प्रवाहाची दिशा, प्रवाहाचा साठा (प्रत्येक पेशीत वरच्या किती पेशींचे पाणी येते), मग निर्गमबिंदू (खोऱ्याचे पाणी जिथून बाहेर पडते ती जागा). ग्रास या सॉफ्टवेअरमधील पाणलोट साधनाला खड्डे आधी भरावे लागत नाहीत. ते सर्वांत सोपी वाट शोधत जाते, म्हणून तेच वापरले. प्रवाहासाठी उंबरठा १,००० पेशी, म्हणजे ०.९ चौरस किलोमीटर.

निर्गमबिंदू उपग्रहचित्र पाहून ठेवला तर तो डीईएमच्या नदीवर एका पेशीनेही चुकू शकतो, आणि मग अख्ख्या खोऱ्याऐवजी चार-दोन पेशींचा ठिपका मिळतो. साठ्याचा रास्टर समोर ठेवून सर्वांत जास्त आकड्याच्या पेशीवरच बिंदू टेकवायचा.

कोपर्निकसचा संच पृष्ठभागाचा आहे. त्यात झाडे, इमारती, पूल आले. काठावरच्या दोन टोकांमध्ये पूल धरणासारखा उभा राहतो आणि प्रवाह बाजूने पळतो. नासर्डी आणि वाघाडी शहरातून वाहताना हे ठिकठिकाणी होते. पुलांखालच्या पेशी दोन्ही बाजूंच्या नदीपात्राच्या उंचीला आणाव्या लागल्या, प्रत्येक बदल वेगळ्या लेयरमध्ये नोंदवून. गंगापूरच्या जलाशयाचे पाणी संचात सपाट केलेले आहे. तळाचा आकार त्यात नाही, तेव्हा साठवणक्षमता यातून काढता येत नाही. वरच्या बाजूला काश्यपी आणि गौतमी ही धरणेही आहेत. काढलेले खोरे हे जमिनीचे खोरे झाले. पाणी कधी सुटते ते दरवाजे ठरवतात.

२० फेब्रुवारी

काठावरचा पूर. नाशिककर पूर मोजतात तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवर: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९, तिन्ही पूर लोक याच मापाने सांगतात. ही पट्टी अचूक आहे, कारण ती एकाच जागी उभी आहे आणि सगळ्यांनी तीच वाचली आहे.

आता डीईएमची पट्टी. त्याची जाहीर उभी अचूकता अशी: दहातल्या नऊ ठिकाणी चूक ४ मीटरच्या आत. मारुतीच्या गुडघ्यापासून कमरेपर्यंतचे अंतर फुटांत मोजायचे. शिवाय ३० मीटरच्या एका पेशीत घाटाच्या सगळ्या पायऱ्या, काठ आणि एखादे देऊळ एकत्र येते. म्हणून ठरले: या डीईएमवरून रामकुंड परिसराचा ‘इतके पाणी आले तर इथवर’ असा नकाशा काढायचा नाही. असे नकाशे काढणे सोपे आहे आणि ते रंगीत, पटणारे दिसतात. म्हणूनच ते धोक्याचे. कुणीतरी त्यात आपले घर शोधते.

काढता येते ते असे: जवळच्या प्रवाहापेक्षा जमीन किती उंच, याचे तीन ढोबळ गट, ० ते ५, ५ ते १०, १० मीटरहून जास्त. त्यावर जलसंपदा विभागाची निळी रेषा (२५ वर्षांचा पूर) आणि लाल रेषा (१०० वर्षांचा पूर) ठेवून तुलना. ‘२५ वर्षांचा पूर’ म्हणजे पंचवीस वर्षांनी येणारा पूर नव्हे. दर वर्षी ४ टक्के शक्यता, आणि २५ वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता ६४ टक्के. हे वाक्य नकाशाच्या सूचीतच छापायचे ठरले.

खरेच पाणीपातळीचा नकाशा हवा असेल तर ऑटो लेव्हल (सपाटी मोजणारी दुर्बीण) आणि स्टाफ (मोजपट्टी) घेऊन पक्क्या बेंचमार्कपासून (उंची ठाऊक असलेल्या खुणेपासून) पात्राचे काटछेद घ्यावे लागतील. मोबाइलमधली उंची या कामाची नाही. काही ॲप लंबगोलावरची उंची दाखवतात आणि या भागात ती समुद्रसपाटीवरून मोजलेल्या उंचीपेक्षा पन्नासहून अधिक मीटर कमी भरते.

४ मार्च

जमीनवापरासाठी सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे. दृश्य पट्टे आणि बी ८ (जवळचा अवरक्त पट्टा) हे १० मीटरचे. एक पिक्सेल १०० चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्यावरचा नेमका एक आर. बाजू ३३ फुटी साखळीएवढी आणि क्षेत्र जवळजवळ एक गुंठा. शेतकऱ्याशी बोलताना ‘पिक्सेल’ म्हणायची गरजच पडत नाही.

एनडीव्हीआय हे हिरवळीचे माप, म्हणजे बी ८ आणि बी ४ (लाल पट्टा) यांची वजाबाकी भागिले बेरीज. इथे एक सापळा आहे. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत आकड्यांत १,००० मिळवलेले असतात. बी ८ मध्ये ४,००० आणि बी ४ मध्ये १,६०० असतील तर हे १,००० न वजा करता उत्तर ०.४३ येते, वजा करून ०.६७. त्या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची चित्रे तशीच लावली तर मधल्या काळात हिरवळ घटली असे दिसते. मखमलाबाद-गिरणाऱ्याच्या मळ्यांवर असा खोटा निष्कर्ष काढणे फार सोपे. काही ठिकाणी ही वजाबाकी आधीच केलेली मिळते. तिथे पुन्हा केली तर दुसरी चूक. आणि वजाबाकीपूर्वी रास्टर दशांशाच्या प्रकारात न्यायचा: चिन्ह नसलेल्या १६ बिटांच्या पूर्णांकात सावलीतला ९९० हा आकडा वजा १० न होता ६५,५२६ होतो.

द्राक्षबागेला हंगाम पाहूनच चित्र निवडायचे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर जानेवारीत मांडव भरलेला असतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तीच बाग उघड्या जमिनीसारखी दिसते. बागेवर प्लास्टिकचे आच्छादन असेल तर एनडीव्हीआयवर भरवसा नको, असे तुकडे हाताने वेगळे काढले.

११ मार्च

सगळे पोस्टजीआयएसमध्ये आणले. प्रत्येक तक्त्याला प्राथमिक कळ, ठरलेला एसआरआयडी (निर्देशांक पद्धतीचा क्रमांक) आणि जिस्ट निर्देशिका (जागेवरून शोध जलद करणारी सूची). हाताने रेखाटलेल्या बहुभुजांत स्वतःलाच छेदणाऱ्या कडा सापडल्या. त्या दुरुस्त करताना साधन कधी बहुभुजाऐवजी मिश्र आकार देते, म्हणून दुरुस्तीनंतर आकाराचा प्रकार आणि एकूण क्षेत्रफळ पुन्हा मोजायचे. शेजारच्या दोन गटांमधल्या चिंचोळ्या फटी स्नॅपिंग (नवा बिंदू जवळच्या कडेला आपोआप चिकटवणे) सुरू न ठेवल्यामुळे येतात.

नदीपासून ५०० मीटरच्या आतल्या इमारती शोधताना ४३२६ मध्ये ५०० लिहिले तर ते ५०० अंश होतात आणि सगळ्याच इमारती निवडल्या जातात. ओपनस्ट्रीटमॅपमधल्या इमारती वापरल्या. नकाशात इमारत नाही म्हणजे जागेवर नाही असे धरायचे नाही.

१९ मार्च

पडताळणी. प्रत्येक वर्गाला ५० यादृच्छिक बिंदू, कडेच्या पिक्सेलपासून आत. चित्र जानेवारीचे आणि फेरी मार्चमधली, त्यामुळे गहू-हरभऱ्याची रानं आता रिकामी आहेत. समोर दिसते ते लिहून चालत नाही. जानेवारीत काय उभे होते ते विचारायचे आणि ई-पीक पाहणीच्या नोंदीशी ताडायचे. एकूण अचूकतेचा एकच आकडा अहवालात देऊ नये. कोणता वर्ग कोणत्या वर्गात मिसळला त्याचा पूर्ण तक्ता द्यावा.

२७ मार्च

सुपूर्द करण्याची तयारी. एक जिओपॅकेज, दोन रास्टर, पाच ओळींच्या सगळ्या फायली आणि ज्या क्रमाने साधने चालवली त्याची यादी. छापील नकाशावर प्रमाण रेषेच्या रूपात, कारण झेरॉक्समध्ये नकाशा लहान झाला की ‘१:५०,०००’ खोटे ठरते, रेषा नकाशाबरोबर लहान होते. मूळ फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवली आणि चेकसम (फाईल जशीच्या तशी आहे का ते सांगणारे आकडे) जुळवून पाहिले.

पुढच्या तुकडीने काम तपोवनाखाली नांदूर मध्यमेश्वरपर्यंत न्यायचे आहे. तो भाग ७४ रेखावृत्ताच्या पलीकडे जातो, म्हणजे चौकटी दोनाच्या चार होतात. एन१९ ई०७४ आणि एन२० ई०७४ उतरवून मूळ फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. जोडणी केलेली नाही.